अर्ध्या दिवसात नागपूर उरकणाऱ्या टूर मॅनेजर साहेबांस

श्रीयुत टूर मॅनेजर साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या व्याघ्रदर्शन सहलीच्या पहिल्या दिवशी ‘ऐतिहासिक नागपूर’ असा कार्यक्रम होता. पुण्याहून आलेल्या साडूंच्या शेजारची सीट रिकामी होती म्हणून मीही बसमध्ये चढलो. आमच्या सात पिढ्यांना नागपूर पाहून संपलं नाही, ते आपण नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये संपवलंत. दिसेल की नाही याची हमी नसलेल्या वाघासाठी तीन दिवस आणि जागचं न हलणाऱ्या शहरासाठी अर्धा, हा हिशेबही पटला.

झिरो माइलवर आपण शिटी वाजवून मंडळींना ‘भारताच्या मध्यबिंदूवर’ उभं केलंत. काकूंनी दगडाला हात लावून नमस्कार केला. हा सर्व्हेवाल्यांचा 1907 चा बेंचमार्क. समुद्रसपाटीपासून आपण 1,020.171 फूट उंचीवर आहोत, एवढंच तो सांगतो. शेजारच्या खांबावर जबलपूर, हैदराबाद, चांदा किती मैल, ते कोरलंय. म्हणजे इथून दुसरीकडे कसं निघावं याची माहिती देणारी ही एकच जागा, आणि आपण नेमकी तीच निवडलीत!

मग सीताबर्डीचा किल्ला, बसच्या खिडकीतून. किल्ला सैन्याच्या ताब्यात, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट अशा दिवशीच लोकांना उघडतो, त्यात आपला काय दोष? परंतु ‘हा भोसल्यांनी बांधला’ हे आपलं वाक्य ऐकून मला गहिवरून आलं. नोव्हेंबर 1817 मध्ये या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली आणि त्यानंतर इंग्रजांनी तिथे किल्ला उभारला. तो आपण भोसल्यांना बक्षीस देऊन टाकलात. 1854 साली राज्य खालसा करून हत्ती-घोड्यांपासून जडजवाहिरापर्यंत लिलावात काढणाऱ्या कंपनी सरकारला हा मोठेपणा जमला नव्हता.

दीक्षाभूमीवर पंधरा मिनिटं. 14 ऑक्टोबर 1956 ला लाखो माणसं दीक्षा घ्यायला पायी, रेल्वेनं, मिळेल त्या वाहनानं तिथे पोहोचली होती. आपली मंडळी एसी बसमधून उतरली, चपला सांभाळायला कोण थांबणार यावर चर्चा झाली, तेवढ्यात शिटी वाजली.

‘फ्रेश व्हायला’ मात्र आपण घसघशीत पाऊण तास दिलात. तो ज्या मॉलमध्ये गेला, तिथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल होती. 1 जानेवारी 1877 ला सुरू झालेल्या त्या गिरणीच्या भोंग्यावर अर्ध्या शहराचा दिवस चालायचा. मिल गेली, एम्प्रेस नाव तेवढं पाटीवर राहिलं. अख्ख्या सकाळीत आपली मंडळी सगळ्यात जास्त वेळ इतिहासात रमली ती तिथल्या प्रसाधनगृहात, आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

आता महाल, म्हणजे जुनं नागपूर, जे कार्यक्रमात नव्हतंच. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा यानं 1702 च्या सुमारास बारा वस्त्या जोडून शहर वसवलं, त्याचा मुलगा चांद सुलतान यानं कोट घातला, तलाव बांधला. त्या कोटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून उभा आहे. आत भोसल्यांचे वाडे, देवळं, बडकस चौक आणि एकमेकांच्या गॅलरीत डोकावणारी घरं. मी भीत भीत विषय काढला, तर आपला ड्रायव्हर, अस्सल इथला, म्हणाला, “काका, एवढी मोठी गाडी महालात घुसते का जी?” खरंच घुसत नाही. ज्यांत आपली बस बसत नाही अशी शहरं वसवू नयेत, हे बख्त बुलंदाला कुणीतरी सांगायला हवं होतं. सिव्हिल लाइन्समधल्या त्याच्या पुतळ्यापुढून गेलो, तेव्हा आपण अंताक्षरीत ‘म’ देत होतात.

जेवणात ‘सावजी रस्सा, पुणे-मुंबई स्पेशल, सौम्य’ होता. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं हे जेवण. त्यात साखर पडल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. साडूंनी दोनदा वाढून घेतला आणि मला म्हणाले, “तुम्ही लोक उगाच घाबरवता!” त्यांची समजूत मी तशीच राहू दिली. ती कोणत्याही सावजी खानावळीत दहा मिनिटांत दूर होईल.

संत्रा बर्फीच्या दुकानातून निघताना आपण फीडबॅक फॉर्म वाटलेत. ‘नागपूर कसं वाटलं?’ याखाली ‘खूप छान’ आणि ‘छान’ अशा दोनच चौकटी होत्या. जागा पुरली नाही म्हणून हे पत्र.

एक आग्रहाचं आमंत्रण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या, बस बाहेर ठेवा आणि चालत महालाकडे वळा. लहान पोरांचा तान्हा पोळा पाहा. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, 1880 च्या दशकापासून. दोघींच्या मागे बडगे असतात. वर्षभरात लोकांना ज्याचा ज्याचा ताप झाला, त्याचा पुतळा करून मिरवतात आणि वेशीबाहेर नेऊन जाळतात. यंदाच्या एका बडग्याची वर्गणी मी भरली आहे. त्याच्या गळ्यात शिटी असेल, हातात झेंडी. मापं बरोबर घेता यावीत म्हणून आपला एक फोटो तेवढा पाठवावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सीट क्रमांक 27
(भाडं साडूंनी भरलं)