राजाबाईचा घड्याळी हट्ट

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातला राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. त्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडात बसून काढला. ते मुंबईला कधी आलेच नाहीत, म्हणजे इथला घाम न गाळता इथे अजरामर झाले. काम १८६९ ते १८७८ चालले. दोन लाख रुपये कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांनी दिले आणि मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव लागले. अमेरिकेत यादवी पेटून तिकडचा कापूस अडला, तेव्हा मुंबईत आलेल्या तेजीतला हा पैसा. कापडाला उठाव आला की यंत्रमागांच्या इचलकरंजीत माडीवर माडी चढते. इथे थेट मनोरा चढला. १८६५ मध्ये बाजार कोसळून प्रेमचंदही बुडाले, पण तोवर देणगी देऊन झाली होती!

राजाबाईंची दृष्टी अधू होती आणि टोल ऐकून त्या सूर्यास्तापूर्वी जेवायला बसत, असे सांगतात. घड्याळाचा खरा पराक्रम मात्र वेगळाच. १८८१ मध्ये सरकारने मुंबईवर मद्रासची वेळ लादली. ती अर्धा तास पुढे. मनोऱ्यावरचे घड्याळ मुंबईच्याच वेळेला चिकटून राहिले, तेव्हा सरकारने तबकडीच्या दिव्यांचा खर्च द्यायला नकार दिला. थोडक्यात, हट्ट करायचा तर अंधारात करा. विद्यापीठाच्या सिनेटने तरीही मुंबईच्या वेळेलाच कौल दिला. पुढे हुकूमच बारगळला.

१ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ आली आणि मुंबई ३९ मिनिटांनी मागे पडली. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी या वेळेविरुद्ध काम बंद करून दगडफेक केली. महापालिकेने आपली घड्याळे पुन्हा मुंबईच्या वेळेला लावली आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ही वेळ तग धरून होती. एका शहरात दोन वेळा, म्हणजे उशिराला कायमची सबब.

रेखांशाचा हिशेब मांडला तर इचलकरंजीची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३२ मिनिटे मागे येते. यंत्रमागाच्या पाळीवर उशिरा पोचणाऱ्याने ही सबब जरूर सांगून पाहावी. दिवाणजी भूगोल मानतीलच असे नाही.

मनोऱ्याचे घड्याळ एकेकाळी सोळा सुरावटी वाजवी. आता ते निमूटपणे प्रमाणवेळ दाखवते. २०१८ पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि पर्यटकांना मनोरा सगळ्यात चांगला दिसतो तो समोरच्या ओव्हल मैदानातून, क्रिकेटचे चेंडू चुकवत.