बोनाफाईड काढणे

आमच्या घरात बोनाफाईड हे विशेषण कधीच नव्हतं. ती वस्तू होती. जून उजाडला की आई दळण आणायला सांगावं त्या सुरात सांगायची, "येताना बोनाफाईड घेऊन ये रे, एसटीचा पास संपलाय." वस्तू असल्यामुळे ती काढावी लागे, जोडावी लागे, आणि हरवली तर पुन्हा काढावी लागे. शाळेतले शिपाईमामा तिला बोनाफाईट म्हणत. माझा एक वर्गमित्र बोनाफाईल म्हणे. फायलीला लावतात म्हणजे फाईलच असणार, हा त्याचा तर्क. मोठमोठे व्युत्पत्तिकार याहून फार वेगळं काही करत असतील, असं मला आजही वाटत नाही.

त्या कागदावर सगळं आधीच छापलेलं असायचं. 'धिस इज टू सर्टिफाय दॅट', मग नावासाठी रेघ, मग 'इज' आणि 'वॉज' यांच्यामध्ये एक तिरकी काडी. नको तो शब्द खोडायचा असे. ऑफिसातले भाऊसाहेब घाईत असले की दोन्ही तसेच राहायचे आणि पोरगा एकाच वेळी आहे आणि होता अशा ब्रह्मस्वरूपात पासाच्या खिडकीशी उभा राहायचा. खाली उत्तम वर्तणुकीची ग्वाही, मुख्याध्यापकांच्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे. ज्या वर्तणुकीपायी आदल्याच दिवशी अंगठे धरायला लावले होते, तिचीच.

या शब्दाला अर्थही आहे, हे घरात पहिल्यांदा कळलं ते कोर्टामुळे. नारायण पेठेतल्या एका वाड्यात आमचे काका भाडेकरू होते. मालकांची नोटीस आली की जागा त्यांना 'रिझनेबली अँड बोनाफाईड' हवी आहे. हे शब्द १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यातले. १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा आला तरी त्यातही ते जागा न सोडता राहिले आहेत. काकांनी नोटीस वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि वकिलांना विचारलं, "पण मालक आता कुठल्या शाळेत आहेत?"

वकील शांत माणूस. म्हणाले, "काका, ते लॅटिन आहे. सद्भावनेनं, असा अर्थ. मालकांना जागा खरंच हवी आहे, की तुम्हाला बाहेर काढायला निमित्त हवंय, एवढाच प्रश्न."

"मग 'खरंच हवी आहे' असं लिहायचं की सरळ!"

"तसं लिहिलं तर आमची काय गरज?"

मालकांची गरज म्हणजे मुलाचं लग्न. नव्या जोडप्याला खोली हवी होती. केस उभी राहिली. लग्न झालं. तारखा पडत गेल्या. त्या मुलाच्या मुलाची मुंज झाली, काका आहेर घेऊन जेवूनही आले, पण कोर्टाच्या कागदांत ते जोडपं अजून नवंच होतं.

त्या काळात मला कायदे वाचायचा नाद लागला. तो फार करमणुकीचा निघाला. १८६० ची दंडसंहिता म्हणते, पुरेशी काळजी न घेता, लक्ष न देता केलेलं काम सद्भावनेनं केलं असं मानायचं नाही. १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (नावावर जाऊ नका, मनानं चांगला आहे) म्हणतो, काम प्रामाणिकपणे केलंय ना, मग हलगर्जीपणानं का केलेलं असेना, ते सद्भावनेनंच केलं. आमटीत माझ्या हातून दुसऱ्यांदा मीठ पडतं तेव्हा मी १८९७ चा दाखला देतो. बायको १८६० ची आहे. दंडसंहितेचं आता नाव बदललं, पण आमच्या स्वयंपाकघरात जुनीच लागू आहे.

इंग्रजांनी हा शब्द पुढे दारूच्या गुत्त्यापर्यंत नेला. एकोणिसाव्या शतकात तिकडे रविवारी ठरावीक वेळी दारू विकायला बंदी असे, अपवाद फक्त 'बोनाफाईड' प्रवाशाचा. बिचारा लांबून आलेला, त्याचा घसा कोरडा कसा ठेवायचा? पण खरा प्रवासी ओळखायचा कसा? १८७४ च्या कायद्यानं अंतर घालून दिलं: आदल्या रात्री जिथे मुक्काम होता तिथून किमान तीन मैल. झालं! रविवारी अख्ख्या गावाला प्रवासाची ओढ लागली. या हिशेबानं सदाशिव पेठेतला माणूस कोथरूड डेपोला उतरला की तो प्रवासी, आणि कोथरूडवाला पेठेत आला की तोही. आयर्लंडमध्ये हा प्रकार १९६० पर्यंत चालला. डब्लिनबाहेरच्या अशा गुत्त्यांना लोक 'बोनाफाईड'च म्हणत. म्हणजे विशेषणाची वस्तू करणारे आपण एकटे नाही. लॅटिनमध्ये क्रियाविशेषणासारखं वावरणारं हे जोडपं इंग्रजांनी विशेषण केलं, आयरिश माणसानं त्याचा गुत्ता केला आणि आपण दाखला केला. त्यातल्या त्यात आयरिश माणसाला अर्थ जास्त कळला होता, असं माझं मत आहे.

याचा सख्खा वैरी 'मालाफाईड' आपल्याकडे अधूनमधून पेपरात दिसतो, बहुतेक कुणाची तरी अवेळी बदली झाली की. पण त्याचं नाम काही झालं नाही. मालाफाईड काढायला कुणी खिडकीशी रांग लावत नाही.

परवा भाचीबरोबर तिच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो होतो. कॉलेजचं बोनाफाईड तिनं पुढे केलं. गोल शिक्का, प्राचार्यांची सही, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी. पलीकडच्या बाईंनी ते उजेडात धरून पाहिलं. झेरॉक्स ठेवून घेतली आणि मूळ कागद परत दिला.

"खरं आहे ना हे?"

"मॅडम, बोनाफाईड आहे," भाची म्हणाली.

"ते दिसतंय गं. झेरॉक्सवर 'ट्रू कॉपी' लिही आणि खाली तुझी सही कर, म्हणजे झालं."