कॉन्टेसावाले बप्पा

फेरारी जुनी झाली की मालकाचे काय हाल होतात, ते मुंबईकरांनी सांगावं. बीड जिल्ह्यात वडवणीकडं जुन्या गाडीची हौस कॉन्टेसावर भागवावी लागते. तालुक्याच्या गावाला असा एखादा मालक असतोच. वय साठीच्या आतबाहेर, पांढरा शर्ट, खिशात टेस्टर आणि नखांत कायमचं ग्रीस. त्याला लहानथोर सगळे बप्पाच म्हणतात. गाडी चालते का, असं बप्पांना कधी विचारू नये. ‘गाडी कुठवर आली?’ असं विचारावं.

‘हेड उतरवलंय,’ बप्पा आवाज खाली आणून सांगतात. आपणही दोन मिनिटं गप्प राहावं.

‘मूळची विलायतची हाय,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि त्यात खोटं काही नाही. व्हॉक्सहॉलचं हे मॉडेल इंग्लंडात 1978 मध्ये बंद पडलं. हिंदुस्थान मोटर्सनं त्याचे साचे आपल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात आणले आणि 1984 पासून गाडी आपल्याकडं विकली. लांबलचक बोनेट, चार गोल दिवे. त्या काळी ही गाडी दारात थांबली की बसलेली माणसं उठून उभी राहायची, कारण आत बहुतेक पुढारीच असे. एवढ्या थाटाच्या धुडात सुरुवातीला इंजिन मात्र अँबॅसडरचं, 1489 सीसीचं होतं. पण हे बप्पांदेखत बोलू नये. ‘आपली इसुझूवाली हाय! 92 चं मॉडेल, अठराशे सीसी, पाच गिअर!’ पाचवा गिअर त्यांनी शेवटचा कधी टाकला, हेही विचारू नये. 2002 मध्ये कारखान्यानं कॉन्टेसा बंद केली. तेव्हापासून कारखान्याचं उरलेलं काम बप्पाच करतात.

खरा संसार सुट्या भागांचा. बप्पा मुंबईच्या लग्नाला एका पायावर तयार असतात. अक्षता पडतात तेव्हा ते कुर्ल्याच्या भंगारात कार्बोरेटर हुंगत असतात. पुण्याला शिकणाऱ्या भाच्याला खानावळीच्या पैशांबरोबर एक झिजकं ऑइल सील जातं. ‘डिट्टो असंच आण. आन् सँपल हरवू नको.’ भाचा महिनाभरानं कुठल्यातरी जीपचं आणतो. मिस्त्री ते घासून बसवतो, आणि ते बसतं! आता या गाडीत होज पाइप ट्रॅक्टरचा, पंखा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आणि हॉर्न ट्रकचा आहे. बप्पा मात्र पाहुण्यांना छातीवर हात ठेवून सांगतात, ‘एकदम ओरिजनल कंडिशन.’

मिस्त्री भला माणूस. पण दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या की त्याच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. उचल घेतलेली माणसं खोळंबतील, कॉन्टेसा खोळंबली तर कुणाचं काय अडतंय? ‘पाडव्यानंतर बघू, बप्पा.’ कोणत्या सालचा पाडवा, हे तो सांगत नाही. उन्हाळ्यात काकू त्या बोनेटवर कुरडया वाळत घालतात. बप्पा चिडतात, रंग खराब होतो म्हणतात आणि बोलता बोलता दोन कुरडया तोंडात टाकतात.

15 वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी गाडी बीडला आरटीओत जाते, बहुतेक टोचन लावून. ऑफिसच्या अलीकडच्या वळणावर टोचन सोडायचं, धक्का मारून चालू करायची आणि रुबाबात आत शिरायचं.

बप्पांना तिला व्हिंटेज करायचंय. 2021 साली केंद्रानं नियम केला : पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झाली की गाडी व्हिंटेज, पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं. मग ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यालाच रस्त्यावर आणायची. भाच्यानं हे वाचून दाखवल्यावर बप्पा हरखले. ‘आरं, हे तर आपण आधीपासनंच पाळायलोत की!’ मग बोटांवर हिशेब केला. 2042. ‘तवर आपली पासिंग कोण करून देतंय?’

मध्येच एखादा पुण्याचा पोरगा गाडीचा फोटो बघून पैसे घेऊनच येतो. बप्पा त्याला चहा पाजतात, बोनेट उघडतात, दुपारपर्यंत इंजिन समजावून सांगतात. पोरगा किंमत विचारतो. ‘इकायची न्हाय,’ बप्पा म्हणतात, ‘पण तू पुण्याचाच ना?’

पोरगा निघतो तेव्हा पैसे जसेच्या तसे खिशात असतात. शेजारी कागदात गुंडाळलेलं एक झिजकं ऑइल सील असतं, आणि ते हरवायचं नाही हे त्याला दोनदा बजावलेलं असतं.