नानांची सही

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाजवळ या. या एडिसनमध्ये भिंतींना कान नसतील, पण आपल्या मंडळातल्या बायकांना आहेत!

कोपऱ्यावरच्या नानांना कंपनीनं नारळ दिला, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण पुढचं... ती एचआरची पोरगी गोड हसून म्हणे, "शुक्रवारपर्यंत सही करा, चेक लगेच!" नाना करणारच होते हो सही, भोळा सांब. वहिनींनी कागद हातातून ओढला. म्हणाल्या, "थांबा, तुमच्याबरोबर आणखी कुणाला काढलं?" तर दोघं! मग काय, वकील गाठला.

वयावरून भेदभाव होऊ नये म्हणून चाळिशीपुढच्यांसाठी इथं अमेरिकेत १९६७ पासून कायदा आहेच, नाही का? दावा करणार नाही अशी सही हवी, तर विचाराला २१ दिवस द्यावेच लागतात. एकदमच दोघा-चौघांना काढलं असेल, तर ४५. वर सही केल्यावरही ७ दिवसांत फिरवता येते! लुइझियानातल्या एका बाईला कंपनीनं १४च दिवस दिले होते. तिनं सही केली, सहा हजार डॉलर घेतले, आणि वर दावाही ठोकला. सुप्रीम कोर्ट १९९८ मध्ये म्हणालं, करू दे, पैसे परत करायचीही गरज नाही. मला तर ती बाई फार आवडली.

तर काय सांगत होते... हां, यादी! कुणाला काढलं, कुणाला ठेवलं, सगळ्यांची वयं कंपनीला लेखी द्यावी लागतात. काढलेले चोपन्न, अठ्ठावन्न, एकसष्ट. ठेवलेले सगळे तिशीच्या आतले! तरी वकिलासमोर नानांचा मॅनेजर म्हणतो, "आम्हाला फक्त फ्रेश एनर्जी हवी होती." वकिलानं शांतपणे ते वाक्य लिहून घेतलं. एचआरच्या पोरीचा चेहरा असा पडला म्हणे, की वहिनींनीच तिला पाणी दिलं.

मग ईईओसीत, म्हणजे नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या सरकारी खात्यात, तक्रार. तिथली मध्यस्थी फुकट असते, आणि एका बैठकीत मिटलंही. चूक कबूल? छे! गूगलनं २०१९ मध्ये नोकरी नाकारलेल्या २२७ जणांशी १ कोटी १० लाख डॉलरला मिटवलं, तेव्हा तरी कुठे केली होती?

आकडा नका विचारू. गुप्ततेचं कलम आहे, नाना तोंडातून अक्षर काढत नाहीत. वहिनी मात्र परवा नवं स्वयंपाकघर दाखवत होत्या. तुमच्या ह्यांनाही पंचावन्न झाली ना? कागद आला, तर आधी वहिनींना दाखवा.