चुन्याची निवळी आणि तीनशे लिटरचा समुद्र

मुक्काम म्युनिक.
तीर्थरूप आबांस, मु. पो. इनामगाव, ता. शिरूर, जि. पुणे.

दगडी प्रवाळ हा प्राणी आहे. तो दगड नाही, झुडूप नाही आणि आबांच्या अंगठीतले पोवळेही नाही. ते पोवळे भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या कुळातल्या लाल प्रवाळाचे. मंगळाला ते चालते, पण इथे घरातल्या तीनशे लिटरच्या काचेच्या टाकीत जे वाढते आहे ते निराळे. दगडी प्रवाळाचा एकेक जीव, म्हणजे पॉलिप, बहुधा मोहरी-ज्वारीएवढाच असतो. असे हजारो एकमेकांना चिकटून राहतात आणि प्रत्येक जण आपल्या बुडाखाली चुन्याची वाटी बांधत जातो. त्यांच्या कातडीत एकपेशीय शैवाल वस्तीला असते. ते उजेडात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. असा भाडेकरू म्युनिकच्या घरमालकांनाही मिळालेला नाही.

टाकीची सुरुवात पाण्यापासून होते. म्युनिकच्या नळाचे पाणी जड आहे. किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो. हे पाणी आरओच्या गाळणीतून काढून आधी त्यातले जवळजवळ सगळे क्षार घालवायचे आणि मग त्यात समुद्री मीठ मिसळायचे. क्षार काढून पुन्हा क्षार घालण्याचा हा उद्योग आईंना व्हिडिओ कॉलवर तीनदा समजावून झाला, तरी पटलेला नाही. कारण साधे आहे. नळाच्या पाण्यात नायट्रेट असते, नळ्यांतले तांबेही उतरते आणि तांबे प्रवाळाला विष आहे. मिठाचे प्रमाण लिटरला सुमारे 35 ग्रॅम. तीनशे लिटरला दहा किलोच्या वर मीठ गेले. वाफ होऊन पाणी घटले की भर मात्र गोड्या पाण्याची घालायची, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही. खारट पाण्याचीच भर घालत राहिल्यास टाकीचे तेच होते जे निचरा नसलेल्या उसाच्या वावराचे होते.

त्यानंतर महिना-दीड महिना टाकीत फक्त दगड आणि पाणी. या काळात जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. शेतात टाकलेल्या युरियाचे जमिनीत जे होते, त्यातलाच हा टप्पा. इनामगावातून दर रविवारी ‘मासे कुठायत?’ अशी विचारणा होत असे. दर रविवारी कॅमेरा दगडांवरून फिरत असे.

उजेड निळसर एलईडीचा लागतो, कारण समुद्रात खोलवर निळा प्रकाशच पोचतो. रात्री साडेनऊपर्यंत दिवाणखान्याची खिडकी निळी दिसते आणि समोरच्या इमारतीत या कुटुंबाबद्दल काय समज झाला असेल ते विचारायची सोय नाही. पाणी मात्र चोवीस तास खेळते हवे, तासाला टाकीच्या पाण्याच्या वीस-तीसपट. प्रवाळाला चालता येत नाही. अन्न आणून देणे आणि अंगावरचा बुळबुळीत थर धुऊन नेणे ही दोन्ही कामे प्रवाहाची. पंप काही तास बंद पडला तर प्राणवायू संपून सगळेच गुदमरतात. शेतीपंपाच्या विजेच्या वेळापत्रकावर हा छंद एक आठवडाही तगला नसता.

खरी कसोटी चुन्याची. पाण्यात कॅल्शियम लिटरला 420 मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम 1300च्या आसपास आणि कार्बोनेट कठीणता आठ ते नऊ अंश ठेवावी लागते. हा अंश जर्मन आहे: लिटरमध्ये दहा मिलिग्रॅम कळीचा चुना म्हणजे एक अंश. प्रवाळ वाढतो तसा तो कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही ओढत जातो, दर 20 मिलिग्रॅम कॅल्शियममागे 2.8 अंश या ठरलेल्या हिशेबाने. म्हणून भरपाईही त्याच जोडीने करायची.

भरपाईचा जुना मार्ग म्हणजे चुन्याची निवळी. जर्मनीत तिला ‘काल्कवासर’ म्हणतात. चुन्याचे पाणी, एवढाच अर्थ. विझवलेला चुना शुद्ध पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरची निवळी थेंब थेंब, शक्यतो रात्री, टाकीत सोडायची. हे तंत्र इनामगावाला कोणी शिकवावे असे नाही. तिथल्याच घोड नदीच्या काठच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. पुरातत्त्वज्ञ सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या त्या कामात कुंभार, सोनार यांच्याबरोबर चुना करणाऱ्या कारागिराचाही माग लागला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला निवळी आणि गाळ यातला फरक नक्की माहीत असणार.

त्याच गावच्या, म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या वंशजाला तो माहीत नव्हता. गेल्या मार्चमध्ये घाईत त्याने गाळासकट अख्खे भांडे एकदम ओतले. टाकीचे ताक झाले. निवळीचा सामू बाराच्या वर असतो आणि प्रवाळाला 8.1 ते 8.4 मानवतो. दोन दिवसांत दोन ॲक्रोपोरांची, म्हणजे फांद्यांच्या प्रवाळांची, कातडी सोलून पांढरी हाडे उघडी पडली. ‘चुना लावला’ या वाक्प्रचाराचा अर्थ नातीला शाळेविनाच कळला, असा शेरा सूनबाईंनी दिला.

तेव्हापासून घरात दुसरी रीत आहे: एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खाण्याचा सोडा आणि घड्याळावर चालणारा छोटा पंप. दोन्ही द्रावणे एकत्र केली की लगेच पांढरा साका बसतो, म्हणून बाटल्या वेगळ्या. दर रविवारी पाण्याची तपासणी होते आणि आकडे वहीत उतरतात. आकडा थोडा कमी-जास्त असला तरी प्रवाळ सोसतो. रोज बदलणारा आकडा त्याला सोसत नाही.

तापमान 25 ते 26 अंश. जर्मनीत हिवाळ्याची चिंता नसते, हीटर असतो. चिंता उन्हाळ्याची, कारण घरात एसी नाही. पाणी नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त दिवस तापले की प्रवाळ आतल्या शैवालाला हाकलून देतो आणि पांढरा पडतो. 1998 साली लक्षद्वीपचे प्रवाळ असेच पांढरे पडले. घरी पृष्ठभागावर पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. माठ जे करतो तेच.

जागेवरून भांडणे होतात. युफिलिया आणि गॅलॅक्सिया हे प्रवाळ दिवसा देखणे दिसतात आणि रात्री लांब दंशतंतू सोडून शेजाऱ्याला भाजून काढतात. दोघांत वीतभर रिकामा बांध ठेवावा लागतो, आणि बांधाचे वाद इनामगावाला समजावून सांगायची गरज नाही.

वाढवण्याची रीतही ओळखीची आहे. फांदी कापायची आणि जाड सुपरग्लूने चकतीवर चिकटवायची. उसाच्या टिपऱ्याला डोळा लागतो, ॲक्रोपोराच्या तुकड्याला तोही लागत नाही. ऊस मात्र वर्षा-दीड वर्षात तुटतो. फांद्यांचा प्रवाळ चांगल्या स्थितीत वर्षाला काही सेंटीमीटर वाढतो, गोलाकार जातीचा त्याहूनही कमी. साखर कारखान्याने याची नोंद घेण्यासारखे काही नाही.

आबांनी शोकेससाठी एक फांदी मागितली आहे. ती येणार नाही. भारतात 2001पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसला आहे. मेलेला तुकडाही बाळगता येत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही परवान्याचे बंधन आहे. बघायचाच असेल तर मालवणला जावे. तिथे समुद्रात तो जिवंत आहे आणि त्या भागाला 1987पासून अभयारण्याचा दर्जा आहे.

शिरूरच्या बाजारातून पानाचा चुना पाठवण्याचा विचारही आबांनी सोडून द्यावा. त्याच्या शुद्धतेची खात्री नसते, आणि विमानतळावर पांढऱ्या पुडीचा खुलासा करताना प्रवाळ, निवळी आणि इनामगाव यांपैकी कशाचाही उपयोग होणार नाही.