धुक्यातले बारा पॉइंट

डोंगरावर माणसानं झोपायला जावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. गार हवा, पत्र्यावर पाऊस, अंगावर जड रग आणि स्वयंपाकघराकडून कांदाभज्यांचा वास. आमच्या साडूंना हे मान्य नाही. बँकेतून निवृत्त झाले तरी ते ताळेबंद मांडायचे थांबलेले नाहीत. फक्त आता तो सहलींचा असतो. माथेरानला जायचं ठरल्यावर दोन दिवसांत त्यांनी ‘माथेरान येथे करावयाच्या गोष्टी’ असा तक्ता केला. पॉइंटचं नाव, पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, माणशी खर्च, शेरा. पावसाळा म्हणून तो लॅमिनेटही करून आणला. दुपारी दोन ते अडीच ‘राखीव’ होतं. ते मला झोपेसाठी द्या म्हटलं, तर त्यांनी तिथं शार्लोट लेक घातला.

माझी आशा छोट्या गाडीवर होती. 1907 साली सुरू झालेली ही नेरळ-माथेरान गाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशानं आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीनं झाली. दोन फूट रुंदीचे रूळ, वीसेक किलोमीटरची वाट आणि तेवढ्यासाठी दोन तासांहून अधिक वेळ. प्रवाशाच्या डुलकीचा इतका मान राखणारी गाडी बांधणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण पावसाळ्यात ती खालून वर येतच नाही. अमन लॉजपासून गावापर्यंत तेवढी शटल चालते. म्हणजे नेरळहून टॅक्सी, टॅक्सीत मांडीला मांडी लावून सात जण, आणि घाटातल्या प्रत्येक वळणावर साडूंचा तक्ता माझ्या बरगडीत.

दस्तुरी नाक्याला मोटारींचं राज्य संपतं. पुढं पायी, घोड्यावर किंवा शटलनं. माथेरान साधारण आठशे मीटर उंचीवर आहे आणि आम्ही पोचलो तेव्हा ढगही नेमके तेवढ्याच उंचीवर होते. बायकांनी बाजारपेठेत पाऊल टाकताच परिस्थितीचा अंदाज घेतला. दहा पावलांपुढचं दिसत नाही म्हटल्यावर दोघी चामड्याच्या चपलांच्या दुकानात शिरल्या आणि तिथं त्यांना स्टूल मिळाले. त्या सहलीतला तेवढाच एक शहाणपणाचा निर्णय.

साडूंनी बारा पॉइंटांचं ठरवलं. दोन घोडे, आणि दोघांचे लगाम धरायला विशीतला एक पोरगा. साडूंना राणी नावाची सडपातळ घोडी मिळाली. मला बादल. बादलनं माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं. मी कट्ट्यावर चढलो, कट्ट्यावरून एक पाय रिकिबीत घातला, आणि दोन अनोळखी पर्यटकांनी मागून लावलेल्या हातभारानं खोगिरावर जाऊन बसलो. त्यांनी आभारही मानून घेतले नाहीत. दम लागला होता.

खंडाळा पॉइंटला पोचलो. समोर पांढरं. अलेक्झांडर पॉइंट. पांढरं, पण वाऱ्यासह. पोरगा मात्र इमानी होता. ठरल्या पैशात वर्णन धरलेलं असल्यानं तो प्रत्येक कठड्याशी उभा राहून धुक्यात बोट रोखायचा. “हा इकडं गार्बट पॉइंट. खाली दरीत गाव दिसतं. ती बघा नदी.” साडू मान डोलवायचे आणि तक्त्यावर बरोबरची खूण करायचे. चौक पॉइंटला त्यांनी मला माहिती दिली, की 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट खालच्या चौक गावातून वर चढला आणि त्यानं माथेरानचा शोध लावला. धनगर, ठाकर आणि कातकरी तेव्हाही या डोंगरावर होते. पण त्यांनी तो हरवलेला नव्हता, त्यामुळे शोधायचा प्रश्न आला नसावा. पावसात भिजत, मांड्या चोळत, एका कलेक्टरच्या चढाईचं कौतुक ऐकताना माझा देशाभिमान नेहमीपेक्षा लवकर जागा होतो.

एको पॉइंटला साडूंनी तक्त्याप्रमाणे आरोळी दिली. प्रतिध्वनी आला नाही. धुक्यातून कुणीतरी वैतागून “काय आहे?” असं विचारलं. साडू ओशाळून मागे सरले, तेवढ्यात दरीतून वारा आला आणि तक्ता त्यांच्या हातातून निसटून कठड्यापलीकडच्या झुडपात जाऊन अडकला. साडू असे किंचाळले, की पोरानं दोन्ही लगाम सोडले आणि धाव घेतली.

राणी जागची हलली नाही. बादलनं कान टवकारले, शांतपणे तोंड फिरवलं आणि तो चालू लागला.

मी “थांब” म्हणालो. मग “रुको”. मग “स्टॉप”. शिवाजी महाराजांवरच्या सिनेमांत घोडेस्वार जे जे आवाज काढतात ते सगळे काढले. बादलचा वेग वाढला नाही आणि कमीही झाला नाही. त्याला फक्त जायचं होतं. वाटेत छत्र्यांखालच्या एका कुटुंबानं माझा व्हिडिओ काढला. एक ई-रिक्षा बाजूनं गेली, तिच्यातल्या आजोबांनी मला हात केला. मीही केला, पण दुसरा हात खोगिराच्या कडीत इतका घट्ट होता, की त्याची बोटं संध्याकाळी सुटी झाली. मग बादलनं रस्ता सोडला आणि अंजन-जांभळाच्या गर्दीत एका पायवाटेला लागला. फांद्या त्याच्या उंचीच्या हिशेबानं वाढलेल्या होत्या, माझ्या नाही. मी त्याच्या मानेवर पालथा पडलो आणि नाक त्याच्या ओल्या आयाळीत खुपसून पुढचा प्रवास केला. माथेरानचं निसर्गसौंदर्य एवढ्या जवळून कुणी पाहिलं नसेल.

वाट एका अंगणात संपली. पत्र्याची पडवी, लाल चिखल, चुलीचा धूर. एक आजी राखेनं भांडी घासत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

“आला का रं बाळा? उशीर केलास आज.”

मी नमस्कार केला. त्या बादलशी बोलत होत्या. बादल सरळ पडवीत शिरला, मी पुन्हा पालथा झालो, आणि त्यानं चंदीच्या पाटीत तोंड घातलं. जेवायची वेळ झाली होती, एवढंच.

“उतरा की,” आजी मला म्हणाल्या.

“उतरता येत नाही.”

“मग बसा.”

म्हणून मी बसलो. पाहुणा खोगिरावर असला तरी पाहुणाच, या न्यायानं त्यांनी मला वर चहा दिला. कपबशीतला, बशी माझ्या गुडघ्यावर. खाली बादल हरभरे चावत होता, आणि त्याचा प्रत्येक घास मला कमरेत कळत होता. आजींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“वजन किती तुमचं?”

“ऐंशी,” मी म्हणालो. बादलनं पाय बदलला.

“आमच्या म्हाताऱ्याला विचारावं लागायचं नाही,” आजी म्हणाल्या. “माणूस रिक्षात बसला की दांडी उचलूनच सांगायचा. शेर-दोन शेराचा फरक, जास्ती नाही.”

म्हातारबाबांनी जन्मभर हातरिक्षा ओढली होती. चढाला मागून ढकलायला कुणी असेल तर असेल. उताराला मात्र सगळा भार अंगावर घेऊन टाचांनी जमीन धरायची, लाल चिखलातसुद्धा. आजींनी उठून ते करून दाखवलं. दोन्ही हात मागे, छाती पुढे, टाचा रोवलेल्या. त्या वयात त्यांचा तोल जराही गेला नाही; पाठीमागून पाहत पाहत पाठ झालेलं असणार. मी चहा प्यायचा थांबलो. 2025 च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयानं या हातरिक्षा अमानुष ठरवल्या, सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या असं सांगितलं. मी तसं म्हणालो.

“कळलं की. नातवानं वाचून दाखवलं.” त्या पुन्हा भांड्यांकडे वळल्या. “म्हाताऱ्याला ऐकायला मिळायला हवं होतं. तो गेल्यावर काय.”

मला उतरायचं होतं. खरोखर, त्या घोड्यावरून खाली यायचं होतं. पण पडवीत कट्टा नव्हता, आणि ज्या घरानं आयुष्यभर जड माणसं वाहिली तिथं आजींना “जरा धरता का” असं विचारायला माझी जीभ रेटेना. मी रिकाम्या कपबशीसकट वर बसून राहिलो.

शेवटी चिखलानं माखलेला पोरगा राणीला ओढत आला. राणीवर साडू, साडूंच्या हातात तक्ता.

“आजी, बादल आला का?”

“कवाच. साहेबांनाबी घेऊन आला.”

साडूंनी घड्याळ पाहिलं. “तुमचा लुईझा पॉइंट बुडाला,” ते मला म्हणाले. “तिथून प्रबळगड दिसतो.”

“तुम्हाला दिसला?”

“दिसतो,” साडू म्हणाले.

परतताना पोरानं एके ठिकाणी आपण होऊन घोडे थांबवले. हे भाई कोतवालांचं स्मारक. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, 1912 साली इथंच, एका नाभिक घरात जन्मलेले. वकील झाले. बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता काढून विजेच्या तारांचे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीनं गेले. वयाची तिशी नुकतीच ओलांडली होती. धुकं तिथंही होतं, पण दोन हातांवरचं दिसत होतं. पोरानं चप्पल काढून नमस्कार केला, मी बसल्या जागी केला. साडूंनी तक्ता चाळला. ही जागा त्यात नव्हती, म्हणून खूण कुठं करावी हे त्यांना कळेना. मग त्यांनी तक्ता बगलेत धरला आणि हात जोडले. त्यांच्याबद्दल मला त्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. बाजारात उतरल्याबरोबर साडू पोराला म्हणाले, “बारा ठरले होते. माझे आठ झाले, ह्यांचे सहा. त्या हिशेबानं घे.” पोरगा गप्प राहिला. हॉटेलात हजारोंनी उधळणारी माणसं चिखलात दोन तास पळालेल्या पोराशी शंभर-दोनशेची घासाघीस करतात तेव्हा माझं डोकं उठतं. मी बारा पॉइंटांचे, दोन्ही घोड्यांचे पुरे पैसे दिले आणि वर चंदीचेही. साडू म्हणाले, आधी विचारायला हवं होतं, खर्च माणशी वाटून घ्यायचा होता. मी म्हटलं, घ्या वाटून. ते म्हणाले, तुम्ही घरी नेलेल्या फेरीचे मी का देऊ? बायका दोघींत सात जोड चपला घेऊन बाहेर आल्या तेव्हा आम्ही तिथपर्यंत पोचलो होतो.

चंदीचे पैसे कोणत्या रकान्यात टाकायचे, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. साडूंनी ते तूर्त ‘राखीव’मध्ये दाखवले आहेत.