घर बघायला तिला पाठवा

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत टोकियोला माणूस पाठवण्याची एक ठरून गेलेली रीत आहे. आधी नवरा एकटा जातो. कंपनीने दिलेल्या सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये महिनाभर राहतो, ऑफिसातल्या दोघा-तिघांना विचारतो, एका रविवारी एजंटबरोबर चार फ्लॅट बघतो आणि सही ठोकतो. मग बायको-पोरं विमानात बसतात. ज्या घरात त्या बाईला आणि त्या पोरांना अख्खा दिवस काढायचा आहे ते निवडलं कोणी? सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परतणाऱ्या माणसाने. ह्या रीतीचा मला मनापासून राग आहे आणि आजचं सदर त्या रागाचं आहे.

बाईच्या व्हिसाकडे एकदा नीट बघा. नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून म्हणून आलेल्या जोडीदाराला जपानमध्ये आपसूक नोकरी करता येत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते आणि तीही आठवड्याला 28 तासांपुरती. म्हणजे इथे टीम सांभाळणारी बाई तिथे गेली की बहुतेक वेळ घर, शाळा, दुकान, बाग आणि दवाखाना एवढ्या पाच ठिकाणांत फिरणार. ती पाच ठिकाणं एकमेकांपासून किती लांब आहेत, ह्यावर तिची पुढची दोन-तीन वर्षं कशी जाणार हे ठरतं. नवऱ्याचं ऑफिस ह्या यादीत सहावं यायला हवं. आपल्याकडे ते पहिलं येतं, आणि पुष्कळदा यादी तिथेच संपते.

टोकियोत परदेशी कुटुंबांचा नकाशा शाळांनी आखला आहे. 1902 साली सुरू झालेली अमेरिकन शाळा पश्चिमेला चोफूला आहे. सेंट मेरीज आणि सेइसेन सेतागायात आहेत. निशिमाची ही 1949 ची शाळा मोतो-अझाबूत, वकिलातींच्या शेजारात. ह्या शाळांची फी वर्षाला पंचवीस-तीस लाख येनच्या घरात जाते. युरोप-अमेरिकेतून आलेल्या बड्या अधिकाऱ्यासाठी ती बहुतेक वेळा कंपनी भरते, आपल्या इंजिनिअरसाठी क्वचित. त्यामुळे वकिलातींच्या शेजारातल्या अझाबू-हिरोओच्या फ्लॅटचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवून आपण एकमेकांचा वेळ घालवू नये.

शाळा जिथे आहे तिथेच कायम राहील, असंही धरून चालू नका. जर्मन शाळा पूर्वी ओमोरीत होती. 1991 मध्ये ती योकोहामाला गेली. ओमोरीतल्या रस्त्याला लोक अजून जर्मन स्ट्रीटच म्हणतात, पण शाळेत जाणारी पोरं आता तिथून जात नाहीत. फ्रेंच शाळा 2012 मध्ये मध्य टोकियोतून उत्तरेच्या किता वॉर्डात हलली आणि कागुराझाकाच्या आसपास हौसेने घरं घेतलेल्या फ्रेंच आईबापांना रोजचा प्रवास नव्याने जुळवावा लागला. म्हणून घर बघताना शाळेला फोन करून सरळ विचारायचं: जागा तुमच्या मालकीची की भाड्याची, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कुठे हलायचा बेत आहे का? असं विचारण्यात काही गैर नाही.

आपली वस्ती पूर्वेला आहे, एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला. अर्ध्याअधिक मराठी घरांच्या टोकियोच्या गोष्टी इथूनच सुरू होतात. इथलं स्टेशन 1979 चं. समुद्र आणि दलदल हटवून काढलेली जमीन, सरळ रस्ते, सरकारी गृहसंस्थेच्या उंच चाळवजा इमारती. 2000 साल उजाडताच संगणक गडबडतील ह्या धास्तीने जपानी बँकांनी भारतातून इंजिनिअर बोलावले, तेव्हा त्यांना भाड्याने घर द्यायला कोणी तयार नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ह्याच भागात असलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी त्यांच्यासाठी घरमालकांकडे शब्द टाकायला गेले. पोरांना घर मिळालं, पाठोपाठ त्यांची लग्नं झाली, बायका आल्या, मुलं झाली आणि शाळा हवी झाली. 2004 मध्ये शेजारच्या कोतो वॉर्डात इंडिया इंटरनॅशनल स्कूल निघालं, 2006 मध्ये ग्लोबल इंडियन. आधी माणसं, मग डाळ-तांदळाची दुकानं आणि शेवटी शाळा, हा इथला क्रम. बिल्डरने जाहिरातीत छापलेल्या शाळेपेक्षा अशी रहिवाशांच्या गरजेतून आलेली शाळा मला जास्त भरवशाची वाटते.

आता ह्या वस्तीत सकाळी पावणेआठला उभं राहून बघा. जमीन तळहातासारखी सपाट. आईच्या सायकलला पुढे एक आणि मागे एक अशा दोन सीट, पुढच्या सीटवर धाकटं, मागे थोरलं, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, हँडलला पाण्याची बाटली आणि डब्याची पिशवी. ती पोराला शाळेच्या दारात सोडते, येताना वॉर्डाच्या दवाखान्यात धाकट्याला लस टोचून घेते, दुकानातून तूरडाळ आणि कोथिंबीर उचलते आणि दहाच्या आत घरी पोचते. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही, नवऱ्याने रजा टाकायची गरज नाही. दुपारी पोरं ग्योसेन पार्कात. तिथलं छोटं प्राणिसंग्रहालय फुकट आहे आणि तिथे बाकावर बसलेल्या बायकांत तमिळ, तेलुगू, बंगाली, मराठी, जपानी अशा सगळ्या असतात. अझाबूच्या चढांवर हीच सायकल ढकलत न्यावी लागेल. परक्या मुलखात एका बाईला मिळणारं स्वातंत्र्य एवढ्याशा गोष्टीवर उभं असतं, आणि फ्लॅट निवडताना नेमकी ही गोष्ट कुणी विचारात घेत नाही.

ती जमीन इतकी सपाट का आहे, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. एदोगावा वॉर्ड दोन मोठ्या नद्यांच्या मधे आहे आणि त्याची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. मे 2019 मध्ये वॉर्डाने घराघरांत पुराचा नकाशा वाटला. त्याच्या मुखपृष्ठावर वॉर्डाच्याच चित्रावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, इथे थांबू नका. स्वतःच्या नागरिकांना इतकं रोखठोक बजावणारी नगरपालिका मी दुसरी पाहिलेली नाही आणि मला तिचा आदर वाटतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात हगिबिस वादळ आलं आणि वॉर्डाने मोठ्या भागाला घर सोडण्याची सूचना दिली. तेव्हा आजूबाजूच्या शाळा निवाऱ्यासाठी उघडल्या आणि आपल्यातल्या पुष्कळांना आपला निवारा कुठला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. म्हणून तळमजला घेऊ नका. वरचा मजला मागा, भाडं चार पैसे जास्त पडलं तरी मागा. वॉर्ड ऑफिसातून पुराचा नकाशा घेऊन या आणि तो फ्रिजवर लावा. शाळेची फी, भाडं, पार्किंग ह्यांची एक्सेल शीट करणारे आपण हुशार लोक त्या शीटमध्ये पाण्याचा कॉलम कधीच घालत नाही.

घरमालकांवर दोन शब्द, कारण ते लिहिल्याशिवाय हे सदर पूर्ण होणार नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने 2017 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे 39 टक्क्यांनी सांगितलं की, परदेशी म्हणून आपल्याला नकार मिळाला. एजंट फोन लावतो, तिकडून मालक विचारतो, कुठले? आणि फोन ठेवतो. हे अपमानाचं आहे आणि त्याला संस्कृतीचा फरक वगैरे गोड नाव देऊ नये. सरकारी गृहसंस्थेची, म्हणजे यूआरची घरं ह्यासाठीच आपल्याला सोयीची पडतात. तिथे जामीन लागत नाही, मालकाला परत न मिळणारी नजराण्याची रक्कम द्यावी लागत नाही, एजंटची दलाली नाही आणि दर दोन वर्षांनी करार वाढवण्याचं शुल्कही नाही. अनामत भरा, उत्पन्नाचा पुरावा द्या, किल्ली घ्या. निशी-कासाईतल्या कोजिमाचोच्या यूआर इमारतींत एवढी भारतीय घरं का आहेत, त्याचं उत्तर ह्यात आहे.

पण टोकियोत नकार मिळाला म्हणून तळमळणाऱ्या आपल्या माणसाने परतल्यावर पुण्यातला स्वतःचा फ्लॅट भाड्याने देताना काय अटी घातल्या, हे मी विचारणार. मांसाहारी नको, एकटी मुलगी नको, अमुक आडनाव नको. ज्याने परदेशात दारावरून परत जाण्याचं दुःख भोगलं आहे त्याने तरी इथे दार उघडं ठेवावं. ठेवत नाहीत. फार थोडे ठेवतात.

आता शाळेचा निर्णय. तो घराच्या आधी घ्यायचा असतो, आणि त्याच्याही आधी एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं असतं: परत कधी जायचं? जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि सीबीएसईचंही एप्रिलमध्ये. इंग्लिश-अमेरिकन पद्धतीच्या शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतात. दोन वर्षांची नेमणूक असेल आणि पोर पाचवीच्या पुढचं असेल, तर सीबीएसई धरा आणि तिच्या दाराशी घर घ्या. परतल्यावर वर्ष वाया जाणार नाही. ह्यात मला काही वाद दिसत नाही.

पोर पहिली-दुसरीचं असेल आणि तीन वर्षांहून जास्त राहायचं असेल, तर मात्र वॉर्डाची जपानी प्राथमिक शाळा मनापासून विचारात घ्या. परदेशी मुलांवर तिथे सक्ती नाही, पण वॉर्डाकडे अर्ज केला की प्रवेश मिळतो आणि सरकारी शाळेत शिकवणीची फी नाही. घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते, म्हणजे इथे घर निवडणं हाच शाळा निवडण्याचा अर्ज असतो. पोर शेजारच्या पोरांबरोबर चालत शाळेत जातं, वर्गात एप्रन घालून जेवण वाढतं, वर्ग झाडतं. वर्षभरात ते जपानीत भांडायला लागतं. जेवणात मासे आणि डुकराचं मांस येतं, म्हणून शाकाहारी घरांनी आधी शिक्षकांशी बोलून डब्याचं ठरवावं. घरी मराठी वाचन-लेखनाची जबाबदारी आईबापांवर पूर्ण पडते, हेही खरं. ते जमणार नसेल तर उगाच ह्या वाटेला जाऊ नये. पण जमत असेल आणि तरीही केवळ शेजारचे सगळे भारतीय शाळेत घालतात म्हणून आपणही घातलं, तर टोकियोत राहून पोराला टोकियो दाखवलंच नाही असं होईल.

सक्ती नसण्याची दुसरी बाजू फार काळजीची आहे. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने 2019 मध्ये पहिल्यांदा मोजणी केली, तेव्हा सुमारे 19 हजार परदेशी मुलं शाळेत नसण्याची शक्यता दिसली. ह्यातली बहुतेक आपल्यासारख्या पगारदार घरांतली नसणार. तरी वर्षाच्या मधे बदली झाली, शाळेत जागा नाही म्हणून पोर तीन-चार महिने घरात बसून राहिलं, असं आपल्यातही होतं. बदलीच्या पत्रावर तारीख घालणाऱ्या माणसाला शाळेचं वर्ष कधी सुरू होतं हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी तो विचार करत नाही.

इथे राहून, मिसळून, जागा करणारी माणसं आहेत. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक ह्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर 2019 मध्ये निवडून आले. भारतीय वंशाचा माणूस जपानमध्ये निवडणूक जिंकण्याची ती पहिली वेळ. पुढे ते इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. वस्तीत राहणं आणि वस्तीचं होणं ह्यांच्यात केवढं अंतर असतं आणि ते कसं कापता येतं, ते ह्या माणसाने करून दाखवलं. दिवाळी मेळ्याला आणि मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर जा, तिथे भेटलेली माणसं अडीअडचणीला धावून येतात. पण वॉर्डाच्या कचरा वर्गीकरणाच्या कागदावर आणि इमारतीच्या बैठकीलाही तेवढाच वेळ द्या. खालच्या मजल्यावरच्या आजींना पोरांच्या धावण्याचा त्रास होतो का, हे तक्रार यायच्या आधी जाऊन विचारा.

राहता राहिल्या कंपन्या. परदेशी नेमणुकीवर एवढा खर्च करता, मग घर बघण्याचं तिकीट एकट्या नवऱ्याला का? जोडीदारालाही द्या, पोराला द्या. शनिवार-रविवारी पाठवू नका, मंगळवारी पाठवा, शाळा चालू असताना. सकाळी पावणेआठला फ्लॅटच्या दारातून निघून शाळेच्या दारापर्यंत तिघांनी चालत जायचं, तिथून दवाखाना, तिथून दुकान, तिथून घर. मग संध्याकाळी पाचला परत एकदा, अंधार पडताना. आणि करारावर पहिली सही जोडीदाराची असावी. भाडं कंपनी भरते म्हणून हे सांगायचा हक्क कंपनीला आहे, आणि पुढच्या एप्रिलच्या नेमणुकांची पत्रं आता डिसेंबरात निघतील.